पिवळ्या हिरवळीचे वर्ष

हिरवळीशी आपले नाते आषाढ-श्रावणापुरते. पाऊस पडला की ती आपण न बोलावता येते, दिवाळीच्या सुमारास पिवळी पडू लागते आणि शिमग्यापर्यंत तिची आठवणही कोणाला राहत नाही. इंग्रज माणसाचे तसे नाही. घरापुढचा गवताचा तो चौकोनी तुकडा त्याला बारा महिने हिरवा लागतो. तो तसा नसला तर शेजारी काय म्हणतील, ही धास्ती त्याच्या मनाला सदैव असते. अशा लोकांना एकदा हुकूम झाला, की गवताला नळीने पाणी घालू नका. ते साल १९७६. मी तेव्हा शिक्षणासाठी साउदॅम्प्टनला होतो, आणि तत्पूर्वी १९७२ चा दुष्काळ नगर जिल्ह्यात डोळ्यांनी पाहून आलो होतो. त्यामुळे पुढे जे पाहिले ते मला अंमळ निराळेच दिसले.

प्रथम या हिरवळीचे कूळ सांगितले पाहिजे. सतराव्या-अठराव्या शतकांत ती सरदार-जमीनदारांच्या वाड्यांपुढे पसरली. ‘केपेबिलिटी’ ब्राउन या टोपणनावाने गाजलेल्या उद्यानकाराने तिला वाड्याच्या पायरीपासून थेट क्षितिजापर्यंत नेले. लांब दांड्याच्या विळ्यांनी ती कापायला गडीमाणसांचा ताफा लागे, आणि तिची खरी प्रतिष्ठा त्यातच होती. ‘माझ्याकडे इतकी जमीन आहे, की यात गहू पेरण्याची मला गरज नाही,’ असे ती न बोलता सांगे. पुढे १८३० मध्ये ग्लॉस्टरशरमधील स्ट्राउडच्या एडविन बडिंगने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. मौज अशी, की ही कल्पना त्याला लोकरीच्या कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून सुचली! त्या यंत्रामुळे सरदाराची ऐट हळूहळू कारकुनाच्या आवाक्यात आली. जवळजवळ दीडशे वर्षांनी आमच्या गल्लीतला प्रत्येक गृहस्थ रविवारी सकाळी ते यंत्र ढकलीत असे, आणि मागे राहिलेल्या पट्ट्यांकडे आपल्याकडचा शेतकरी सरळ तासाकडे पाहतो तशा नजरेने पाही.

१९७५ च्या मे महिन्यापासून पावसाने तोंड फिरवले. मधला हिवाळाही कोरडा गेला. अठराव्या शतकापासूनच्या नोंदी चाळल्या तरी इतके कोरडे सोळा महिने सापडेनात. ७६ च्या जूनअखेरीस उष्म्याने कहर केला. २३ जून ते ७ जुलै असे ओळीने पंधरा दिवस इंग्लंडात कुठे ना कुठे पारा ३२ अंशांवर जात होता आणि २८ जूनला आमच्या साउदॅम्प्टनमध्येच तो ३५.६ वर गेला. नगरच्या माणसाला हे तापमान म्हणजे फाल्गुनातली दुपार. पण पंखा नसलेल्या, ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेल्या घरांत ते काय करते, हे तिथे राहिल्यावर कळले. रानांना वणवे लागत होते, आणि लाल पाठीचे ठिपकेवाले किडे थव्यांनी येऊन अंगावर बसत होते.

नळीवरच्या बंदीला १९४५ च्या पाणीविषयक कायद्याचा आधार होता. खाजगी बागेला पाणी घालण्यासाठी आणि खाजगी मोटार धुण्यासाठी रबरी नळी वापरायला पाणीपुरवठा करणाऱ्यांना त्या कायद्यान्वये मनाई करता येई. १९७६ च्या ऑगस्टमध्ये पार्लमेंटने खास दुष्काळाचा कायदा करून हे अधिकार आणखी वाढविले. पण घरगुती बंदीतली खरी मख्खी माझ्या लक्षात आणून दिली ती आमच्या घरमालकीणबाईंनी. बंदी नळीला होती, झारीला नव्हती! नळी लावून ठेवली तर तासाला हजार लिटरपर्यंत पाणी जाते आणि माणूस आत चहा पीत बसतो. झारी मात्र हाताने भरावी लागते, उचलावी लागते, आणि चौथ्या खेपेला पाठ बोलू लागते. म्हणजे पाणी मोजण्याचे काम कायद्याने प्रत्येकाच्या मनगटावर सोपविले होते. डोक्यावर हंडा वाहणाऱ्या आमच्याकडच्या बायकांना हे गणित कोणी शिकवावे लागत नाही. इंग्रजांना ते त्या वर्षी शिकावे लागले. बाई भांडी धुतलेले पाणी बादलीत साठवीत आणि तिन्हीसांजेला गुलाबांच्या मुळाशी ओतीत. हिरवळीला मात्र थेंब मिळत नसे. “ते परत येईल, गुलाब येणार नाहीत,” एवढेच त्या म्हणाल्या.

बाईंचे म्हणणे शास्त्रालाही धरून होते. तिकडचे गवत पाण्यावाचून पिवळे पडते ते बहुधा झोपी जाते म्हणून. वरची पाती वाळतात, पण जमिनीलगतचा गड्डा आणि मुळे कित्येक आठवडे तग धरून असतात. तेव्हा हुकूम पाळणाऱ्याचे नुकसान होणार होते ते दिसण्यापुरते. आणि दिसणे हीच तर त्या हिरवळीची सारी कमाई! मला वाटते, बंदी यशस्वी झाली तीही याच कारणाने. घरात कोणी टब भरून आंघोळ केली तर ते बाहेर समजत नाही, परंतु हिरवे गवत चहाडी करते. आमच्या गल्लीत एकाच घरापुढची हिरवळ जुलैअखेर टवटवीत होती. कोणी त्या गृहस्थाला शब्दाने बोलले नाही. फक्त सकाळचे ‘गुड मॉर्निंग’ आखूड झाले. आठवड्याभरात त्याने पाटी लावली, की हे आंघोळीचे पाणी आहे. पाटी खरी होती की नाही, ईश्वर जाणे. पण महिन्याभरापूर्वी पिवळ्या गवताची लाज वाटणाऱ्या गल्लीत आता हिरव्या गवताची लाज वाटू लागली होती, हे मी पाहिले.

दुसरीकडे दुःख अधिक खरे होते. वेल्स आणि डेव्हनच्या काही भागांत घरातले नळ बंद करून रस्त्यावरच्या नळांवर बादल्या घेऊन लोक उभे राहिले. खडी फोडून सुकडीवर आणि परदेशी मिलोवर दिवस काढणारी माणसे मी पाहिली होती. त्यांच्याशी याची तुलना मी करणार नाही. तिथे कोणी उपाशी नव्हते, आणि ज्याची हिरवळ गेली त्याची भाकरी गेली नव्हती.

ऑगस्टअखेर सरकारने डेनिस हॉवेल यांना दुष्काळाचे मंत्री नेमले. हे गृहस्थ मूळचे फुटबॉलचे पंच, आणि खेळांचे खातेही त्यांच्याकडेच. नेमणुकीला आठवडा होतो न होतो तोच पाऊस कोसळला! सप्टेंबर-ऑक्टोबर धो धो गेले आणि लोक त्यांना पर्जन्यमंत्री म्हणू लागले. आमच्याकडे एखाद्या महाराजांनी एवढे केले असते तर मठ उभा राहिला असता. बाईंची हिरवळ थोड्याच आठवड्यांत परत आली.

कोरड्या गवताने एरवी न दिसणारे काही दाखविल्याचे एक उदाहरण पुढचे आहे. २०१३ च्या कोरड्या जुलैत स्टोनहेंजच्या प्राचीन शिळावर्तुळाजवळ रखवालदार गवताला पाणी घालीत होते. नळी आखूड पडली. वर्तुळाची पलीकडची बाजू कोरडी राहिली, आणि तिथल्या करपलेल्या गवतात नाहीशा झालेल्या शिळांच्या जागांचे डाग उमटले. हे वर्तुळ एके काळी पूर्ण होते की अर्धवटच राहिले, या जुन्या वादात ‘पूर्ण’ म्हणणाऱ्यांना त्या डागांनी बळ दिले. नळी हातभर लांब असती तर!

पुन्हा ७६ कडे येतो, कारण त्या वर्षीचे सर्वांनी पाहिलेले पिवळे मैदान म्हणजे ओव्हल. १२ ते १७ ऑगस्टच्या त्या कसोटीत मैदान वाळून खाकी झाले होते. व्हिव्ह रिचर्ड्सने त्यावर २९१ धावा काढल्या आणि तसल्या निर्जीव खेळपट्टीवर मायकेल होल्डिंगने १४ बळी घेतले. गवत हिरवे नाही म्हणून सामना कोणी वाईट म्हटला नाही. उलट, तो अजून लोकांच्या तोंडी आहे.

या ओव्हलची आठवण मला २०१६ च्या एप्रिलमध्ये वारंवार झाली. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन निघालेली रेल्वेगाडी लातूरला पोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. मैदानाला सांडपाणी शुद्ध करून घालू, अशी तयारी दाखविण्यात आली होती, आणि मैदानांचे पाणी वाचले म्हणून ते लातूरला थोडेच पोचणार, असेही बरेच जण म्हणत होते. हिशेबाने ते खोटे नव्हते. पण बाईंच्या गल्लीतला तो हिरवा तुकडाही हिशेबाने नगण्यच होता. रेल्वेच्या डब्यातून आलेल्या पाण्यासाठी घागरी मांडून बसलेल्या माणसाला दूरचित्रवाणीवर कारंज्यासारखे उडणारे पाणी दिसावे की नाही, हा प्रश्न लिटरांत मोजता येत नाही. अंतिम सामना मुंबईत व्हायचा होता. तो २९ मेला बंगळूरला झाला. मिरजेच्या गाडीच्या फेऱ्या त्यानंतरही कित्येक आठवडे चालूच होत्या.