चार वर्षांची मुदत

व्यापार ही शाळेंत शिकण्याची विद्या आहे, हें युरोपांत फार दिवस कोणाच्या गळीं उतरत नव्हतें. पेढीवर बसून वडीलधाऱ्यांच्या हाताखालीं जें अंगवळणीं पडे, तेंच व्यापाऱ्याचें शिक्षण. पॅरिसमध्यें १८१९ सालीं व्यापारशिक्षणाची स्वतंत्र शाळा निघाली. पण लंडन ही जगाची सराफपेढी असूनहि तेथें अर्थव्यवहाराच्या उच्च शिक्षणासाठीं स्वतंत्र संस्था निघण्यास १८९५ साल उजाडावें लागलें. सिडने वेब, बिॲट्रिस वेब, ग्रॅहम वॉलस आणि बर्नार्ड शॉ या मंडळींच्या खटपटीनें स्थापन झालेली ती संस्था म्हणजे लंडन स्कूल ऑफ एकॉनॉमिक्स. बँकांचा व्यवहार, रेल्वेचा कारभार असे विषय तेथें अर्थशास्त्राच्या जोडीनें शिकविले जात, आणि दिवसा नोकरी करणारांसाठीं संध्याकाळचे वर्ग भरत.

१९१६ च्या ऑक्टोबरांत या संस्थेंत एक पंचवीस वर्षांचा हिंदी विद्यार्थी दाखल झाला. त्याचें नांव भीमराव रामजी आंबेडकर. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ति घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत तीन वर्षें अध्ययन करून ते आले होते. बॅरिस्टरीसाठीं ग्रेज इनमध्येंहि त्यांनीं नांव घातलें. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ मध्यें संस्थानच्या सेवेसाठीं त्यांस परत यावें लागलें. निराळ्या बोटीनें पाठविलेलीं त्यांचीं पुस्तकें टॉर्पेडोनें बुडालेल्या त्या बोटीबरोबर समुद्राच्या तळाशीं गेलीं. हातीं राहिली ती लंडन विद्यापीठाची एक सवलत. १९१७ च्या ऑक्टोबरापासून चार वर्षांच्या आंत परत आल्यास अपुरा अभ्यास पुढें चालवितां येणार होता.

परदेशीं शिकावयास जाणारास पैसा अपुरा पडतो, हें सर्वांस ठाऊक असतें. त्याहूनहि अपुरा पडतो तो वेळ. बडोद्यास अधिकाराच्या जागेवर येऊनहि अस्पृश्य म्हणून आंबेडकरांस राहावयास घर मिळेना. ती नोकरी सोडून ते मुंबईस आले. १९१३ सालीं मुंबईंत व्यापारशिक्षणासाठीं निघालेल्या सिडनॅम कॉलेजांत १९१८ च्या नोव्हेंबरांत त्यांस अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगारांतून शिल्लक टाकून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेऊन १९२० मध्यें त्यांनीं पुन्हां लंडन गाठलें. मुदतीचें जेमतेम एक वर्ष उरलें होतें.

नेमक्या त्याच वर्षीं सरकारनें रुपयाचा दर सोन्याच्या दोन शिलिंगांवर ठरविला, आणि वर्ष संपण्यापूर्वींच तो सांभाळणें सरकारास अशक्य झालें. मुंबईस साठविलेल्या रुपयांचे लंडनांत किती पौंड होतात, हा प्रश्न अशा विद्यार्थ्यापुरता पोथींतला उरत नाहीं. खोलीचें भाडें आणि दोन वेळचें जेवण त्यावर अवलंबून असतें. जेवणास कात्री लावून आंबेडकर दिवसचे दिवस ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयांत बसत. १९२१ च्या जूनांत त्यांस एम्. एस्सी. मिळाली, आणि १९२२ च्या ऑक्टोबरांत डी. एस्सी. साठीं त्यांनीं आपला प्रबंध सादर केला. त्याचा विषय होता रुपयाचा प्रश्न.

हिंदुस्थानच्या चलनपद्धतीचा पुरस्कार केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञानें १९१३ सालींच केला होता. आंबेडकरांनीं तीवरच हल्ला चढविला. सरकारला हवे तितके रुपये पाडतां येतात, तोंवर नुसती हुंडणावळ स्थिर ठेवून काय लाभ? रुपयाची खरी किंमत त्यानें बाजारांत मिळणाऱ्या धान्याकापडावरून ठरते. भाव चढले कीं मजुरीवर जगणाराचें पोट मारलें जातें. रुपये पाडण्यासच कायद्यानें मर्यादा घाला, असा त्यांचा उपाय होता.

परीक्षकांनीं हा प्रबंध जसाचा तसा स्वीकारला नाहीं. १९२३ च्या मार्चांत तो फिरून लिहावयास सांगितला. जवळचे पैसे सरले होते. आंबेडकर मुंबईस परतले, येथें बसून त्यांनीं प्रबंध दुरुस्त केला व टपालानें लंडनला धाडला. त्याच वर्षीं पदवी मिळाली आणि ग्रंथहि प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना लिहिली ती त्यांचे गुरु एडविन कॅनन यांनीं. शिष्याचे बहुतेक युक्तिवाद आपणांस मान्य नाहींत, असें त्यांनीं तींत स्वच्छ लिहिलें, आणि तरीहि त्याच्या विचारांतील ताजेपणाची मनापासून वाखाणणी केली. मतभेद असतांहि शिष्याला असा मान देणें, यांत त्या विद्यालयाचा मोठेपणा दिसतो.

१९२५ च्या डिसेंबरांत रुपयाच्या चौकशीसाठीं नेमलेल्या शाही कमिशनपुढें डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली. हुंडणावळ उतरली म्हणजे देशाचा फायदा होतो, हें त्यांनीं मान्य केलें नाहीं. व्यापाऱ्यांचा तो फायदा मजुरीवर जगणाराच्या खिशांतून येतो, असें त्यांनीं सांगितलें. पांच वर्षांपूर्वीं उसन्या पैशांवर लंडनास गेलेला विद्यार्थी आतां साम्राज्याच्या कमिशनला रुपयाचा हिशेब समजावून देत होता.