मुक्ताचा ‘जर-तर’

१८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध छापून आला. लेखिका मुक्ता साळवे : फुले दांपत्याच्या शाळेतील, सुमारे १४ वर्षांची विद्यार्थिनी. दलित स्त्रीच्या लेखनाचा आरंभ म्हणून आपण त्याची नोंद घेतो आणि पुढे जातो. आम्हांला तो वाढत्या वयातील विचारशक्तीचा दस्तऐवजही वाटतो.

वेद केवळ ब्राह्मणांचेच असतील, तर मांग-महार ग्रंथाविना ठरतात. मग त्यांचा धर्म कोणता, असा मुक्ताचा युक्तिवाद आहे. प्रतिपक्षाचे विधान गृहीत धरून त्याच्या शेवटापर्यंत जाण्याची ही क्षमता किशोरवयात येते, असे ज्याँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी ग्रंथरूपाने मांडले ते १९५५ साली, म्हणजे शंभर वर्षांनी. परंतु नुसते वय पुरत नाही. प्रश्न विचारू देणारी शाळाही लागते. ती लाभल्यावर मुक्ताने संतापाला तर्काची शिस्त लावली आणि इतरांनी हीन ठरवलेल्या समूहाला ताठ मानेने ‘आम्ही’ म्हटले. विचार, संयम आणि स्वत्व येथे एकाच वेळी घडताना दिसतात.

हा निबंध वर्गात केवळ सनावळीपुरता शिकवला, तर सन उरतो. विचार करणारी मुलगी मात्र निसटते.