अस्सल आणि नक्कल

इतिहासाचार्य राजवाडे अस्सल कागदांसाठी गावोगाव हिंडले आणि १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापावयास घेतली. नकलेवरून नक्कल उतरली की सत्य थोडे थोडे झिजत जाते, हे ते जाणून होते. तोच न्याय गाण्यालाही लागू आहे, हे मला महाप्यात पटले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या या गावी आधी कारखाने आले, मागाहून संगणकांच्या कचेऱ्या. तेथेच राहून मी माझा संगीतसंग्रह नव्या स्वरूपात उतरवीत आहे.

आपल्या गाण्यावर पहिली कात्री चालली ती तबकडीची. १९०२ साली फ्रेडरिक गैसबर्गने कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले, तेव्हा एका बाजूस दोन-तीन मिनिटेच मावत. पण काय गाळावे, हे गायक ठरवी. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० नंतरच्या मुद्रिका तोकड्या वाटत नाहीत, कारण तेथे निवड जाणत्याची आहे.

दुसरी कात्री एमपी-थ्रीची. १९८२ साली आलेली कॉम्पॅक्ट डिस्क दर सेकंदास आवाजाची ४४,१०० मोजमापे नोंदवी. मोठ्या आवाजाआड दडलेला बारीक आवाज कानाला कळत नाही, या तत्त्वावर जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या व इतर संशोधकांनी हे ओझे अकराव्या हिश्शापर्यंत उतरवले. टेलिफोनच्या मंद तारांवर गाणे घरोघर गेले ते त्यामुळेच. हे उपकार विसरू नयेत. मात्र येथे गाळणारा गवई नव्हता, गणित होते. आणि त्या गणिताला तंबोऱ्याच्या जवारीची ओळख नव्हती.

पुढे १९९७ साली एएसी आले, २००१ साली फ्लॅक. फ्लॅक काहीच गाळत नाही. म्हणून पुष्कळ लोक जुनी एमपी-थ्री त्यात उतरवतात. फाईल फुगते, पण गेलेला स्वर परतत नाही. एएसीत उतरवली, तर कात्री पुन्हा एकदा चालते. शिवाय फ्लॅकचे नाव पाहून पुढचा ऐकणारा तिलाच अस्सल मानील. कागदांच्या दुनियेत याला बनावट दस्त म्हणतात.

म्हणून मी मूळ डिस्क वा ध्वनिफीत हाती असेल तेवढेच फ्लॅकमध्ये उतरवतो. बाकीचे एमपी-थ्री आहे तसेच ठेवतो, आणि प्रत्येकापुढे ते कशावरून उतरवले याची नोंद करतो. वाचकहो, संग्रह उतरवून झाला तरी मूळ तबकड्या भंगारात घालू नका. उद्या याहून चांगले स्वरूप येईल, तेव्हा तीच साधने पुन्हा लागतील.