माशी नेमकी कुठे शिंकली?

काम अडलं की आपण म्हणतो, कुठेतरी माशी शिंकली. अमेरिकेतल्या गुराख्यांचं खरोखरच एका माशीपायी अडलं होतं. आणि ती माशी नेमकी कोणती, हे कळायला ७५ वर्षं गेली.

ही माशी म्हणजे स्क्रूवर्म. निळसर-हिरवी, चकचकीत, पाठीवर तीन गडद पट्टे. मादी जिवंत जनावराच्या जखमेच्या कडेला अंडी घालते. जखम मोठी हवी असंही नाही. गोचीड चावलेली जागा किंवा नुकत्या जन्मलेल्या वासराची ओली नाळसुद्धा पुरते. अळ्या जिवंत मांस खात आत शिरतात. इलाज झाला नाही तर धडधाकट बैल एक-दोन आठवड्यांत मरू शकतो.

१८५८ साली फ्रेंच नौदलातले डॉक्टर कोकेरेल यांनी दक्षिण अमेरिकेत, केयेनच्या कैद्यांना छळणाऱ्या या माशीला नाव दिलं : होमिनिवोरॅक्स, म्हणजे माणूस खाणारी. पण नाव ठेवलं म्हणजे ओळख पटली असं थोडंच आहे? तिची एक चुलत बहीण आहे, मॅसेलारिया. तिचं नाव त्याही आधीचं, १७७५ सालचं. दिसायला जवळजवळ जुळीच. फरक एवढाच की ती मेलेल्या जनावरांवर वाढते, आणि जखमेत आली तरी सडलेल्या मांसासाठी येते.

लोक दोघींना एकच समजत. मग सल्लाही तसाच : मेलेली जनावरं जाळा, पुरा, म्हणजे माशी संपेल. गुराख्यांनी ते इमानेइतबारे केलं. पण खरी गुन्हेगार मेलेल्या जनावरात वाढतच नव्हती! वर्गात एकाने खोडी काढावी आणि छडी दुसऱ्याला बसावी, तशातली गत.

१९३३ साली कुशिंग आणि पॅटन या दोघांनी हा घोळ सोडवला. पॅटन आधी मद्रासला इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. रोग पसरवणाऱ्या कीटकांवरचं त्यांचं आणि क्रॅग यांचं पाठ्यपुस्तक १९१३ साली निघालं. या दोघांनी नर माशांची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. आकार वेगळे निघाले. म्हणजे जाती दोन! त्यांनी नवं नाव दिलं, पण ती कोकेरेल यांचीच माशी आहे हे पुढे लक्षात आलं आणि नियमाप्रमाणे जुनं नाव कायम राहिलं.

आज ओळखायचे तक्ते आहेत. प्रत्येक पायरीवर दोनच पर्याय. असं असेल तर इकडे, तसं असेल तर तिकडे. पूर्ण वाढलेल्या अळीच्या शेपटाकडून आत जाणाऱ्या दोन श्वासनलिका काळ्या आहेत का? चेहऱ्याच्या बाजूचे खालचे बारीक केस काळे की फिकट? वरून काढलेल्या फोटोत दोघी बहिणी सारख्याच दिसतात. नेमकी जागा जवळून दिसली तरच निकाल लागतो.

ओळख पटल्यावर मात्र काम झपाट्याने झालं. मादीचं मीलन सहसा आयुष्यात एकदाच होतं, हे निपलिंग यांनी हेरलं. बुशलँड यांच्यासोबत त्यांनी किरणोत्साराने वांझ केलेले नर सोडायची पद्धत उभी केली. १९५४ साली कुरसाव बेटावरून आणि १९५९ पर्यंत फ्लोरिडातून माशी हटली. २००६ पर्यंत ती पनामापर्यंत मागे रेटली गेली. जाती ओळखण्यात चूक राहिली असती, तर कोट्यवधी चुलत भाऊ सोडूनही काही उपयोग झाला नसता.

२०२३ पासून ती पुन्हा उत्तरेकडे सरकू लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोत सापडली. मग पुन्हा तेच काम : जखमेतल्या अळ्या स्पिरिटच्या बाटलीत घालायच्या, प्रयोगशाळेत पाठवायच्या, आणि कोणीतरी भिंगाला डोळा लावून विचारायचं, बाई, तू दोघींपैकी कोण?

नावं पाठ करून घेताना मुलं मला विचारायची, "बाई, नावात काय आहे?" तेव्हा हे उदाहरण ठाऊक असतं तर बरं झालं असतं. मेलेली गुरं जाळताना त्या माणसांनी गाळलेला घाम खरा होता, फक्त पत्ता चुकला होता.

असो.