तळटीप : ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा वाद

* वणीच्या मित्रमंडळींत निघालेला हा वाद इंग्लंडच्या ‘क्वीन’ या रॉक बँडबद्दल आहे. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बुलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा विद्यार्थी. ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँड तिथलाच.

त्या काळी पूर्ण अल्बम मोठ्या तबकडीवर निघे आणि त्यातले एखादे गाणे ‘सिंगल’ म्हणून छोट्या तबकडीवर वेगळे विकले जाई. रेडिओवर मुख्यतः सिंगलच वाजे, म्हणून निवडीवरून चाहते अजूनही हमरीतुमरीवर येतात. १९७५च्या ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’मधून क्वीनने निवडले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. जवळपास सहा मिनिटांचे गाणे रेडिओवाले लावणार नाहीत, ही कंपनीची धास्ती. ब्रिटनमध्ये तरी बँडने त्याला कात्री लागू दिली नाही, आणि ते योग्यच झाले. त्यातला भव्य कोरस मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनीच, २४ ट्रॅकच्या फितीवर आवाजावर आवाज चढवून उभा केला होता. तो कापला असता तर उरले काय असते? गाणे तिथे नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

तबकडीच्या मागच्या बाजूला टेलरचे ‘आय ॲम इन लव्ह विथ माय कार’ होते. विक्रीचे मानधन दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखेच मिळे, त्यामुळे ही निवड बँडमध्येही धुसफुशीचे कारण ठरली.

याच अल्बममधले ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ ब्रिटनमध्ये सिंगल झाले ते १९७९ मध्ये, तेही मैफलीतल्या ध्वनिमुद्रणाच्या रूपात. अल्बममधले मूळ ध्वनिमुद्रण अधिक सरस आहे. वाचकांनी आधी ते ऐकावे.