न लिहिलेले गीत

इ. स. १००० च्या सुमारास ग्रीनलंडमधील नॉर्स वसाहतीत दुष्काळ पडला. शिकारीस गेलेले लोक रिकाम्या हातांनी परतत. काही तर परतलेच नाहीत. तेव्हा थोर्केल नावाच्या शेतकऱ्याने थोरब्यर्ग या भविष्य सांगणाऱ्या बाईला मोठ्या मानाने घरी बोलावले. तिच्या नऊ बहिणीही हीच विद्या जाणत. आता ती एकटी उरली होती. निळा झगा, काळ्या कोकराच्या कातड्याची टोपी, हाती पितळी मुठीची काठी असा तिचा थाट होता.

दुसऱ्या दिवशी ती उंच आसनावर बसली. पण विधीसाठी एक गीत लागे, आणि ते येत होते फक्त गुद्रिदला. लहानपणी आइसलँडमध्ये दाईने शिकवलेले! गुद्रिद म्हणाली, ‘मी ख्रिस्ती आहे, मला हे करणे नको.’ परंतु लोकांच्या गरजेपुढे तिचे मन द्रवले आणि ती गायिली. इतके गोड गाणे आपण ऐकले नव्हते, असे जमलेले लोक म्हणाले. वसंताबरोबर दुष्काळ सरेल, असे थोरब्यर्गने सांगितले.

ही हकीकत तेराव्या शतकातील तांबड्या एरिकच्या सागेत आहे. तीत टोपीचे अस्तरसुद्धा वर्णिले आहे. गीताचा मात्र एक शब्दही नाही!

स्वीडनचे पंडित डाग स्त्रेमबेक (१९००–१९७८) यांनी या ‘सेइद’ नावाच्या जादूविद्येवर १९३५ साली ग्रंथ लिहिला. जुन्या पोथ्यांतील उल्लेख त्यांनी बारकाईने पारखले आणि उत्तरेकडील सामी लोकांच्या मांत्रिकांशी त्यांची तुलना केली. समाधीत मांत्रिकाचा आत्मा देहाबाहेर जातो, आणि गाणे त्याला परत बोलावते, अशी सामींची श्रद्धा. गुद्रिदचे गीतही तसेच असावे, असा त्यांचा तर्क. तो सर्वच विद्वानांना पटला असे नाही.

पुढे १९४० ते १९६७ पर्यंत ते उप्साला येथील बोलीभाषा आणि लोकपरंपरा यांच्या संग्रहालयाचे प्रमुख होते. खेड्यापाड्यांतील म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडच्या कथा, समजुती, मंत्र तेथे टिपून ठेवले जात. हरवलेल्या गीताचा माग काढण्यात ज्याने तारुण्य घालवले, त्याला या कामाचे मोल कुणी सांगावे लागले नसेल. राजांच्या लढाया लिहायला कवी असतात. दाईने शिकवलेले गाणे मात्र शेवटची गाणारी गेली की तिच्याबरोबरच जाते.