पूर्वजन्मस्मृतीचे दावे आणि नोंदींचा कालक्रम

पूर्वजन्मस्मृतीच्या दाव्यांची चिकित्सा करताना मुलाने काय सांगितले याइतकेच ते केव्हा लिहून ठेवले गेले, हेही पाहावे लागते. दिल्लीच्या शांतीदेवीचे (जन्म १९२६) प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९२५ मध्ये निधन पावलेल्या मथुरेच्या लुगदीदेवीचा आपण पुनर्जन्म आहोत, असे ती सांगत असे. लाला देशबंधू गुप्ता, पं. नेकीराम शर्मा व ताराचंद माथुर यांचा समावेश असलेली समिती नोव्हेंबर १९३५ मध्ये तिला घेऊन मथुरेस गेली. अहवाल १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि लुगदीदेवीचे पती या प्रवासापूर्वीच दिल्लीस येऊन तिला भेटले होते. त्यामुळे मथुरेतील ओळखींचे पुरावामूल्य बरेच घटते. अहवालाखालील सह्या कितीही प्रतिष्ठितांच्या असोत, त्यांनी ही उणीव भरून निघत नाही.

याउलट बरेलीचे वकील के. के. एन. सहाय यांनी १९२६ मध्ये आपल्या मुलाची विधाने पडताळणीपूर्वीच अलाहाबादच्या 'लीडर' या दैनिकात प्रसिद्ध केली. बनारसच्या ज्या घराविषयी मूल बोलत होते, त्याचा शोध त्यानंतर घेतला गेला. वकिली पेशातील ही सवय इतिहासाच्या अभ्यासकाच्या पथ्यावर पडली, असेच म्हणावे लागेल. इयान स्टीव्हन्सन यांनी भारतातील दहा प्रकरणांवरील १९७५ च्या ग्रंथात या प्रकरणाचा समावेश केला. नोंद आधीची असल्याने नंतरच्या स्मरणदोषाची शंका येथे बहुतांशी दूर होते. मात्र विधाने टिपणारा व ती छापविणारा पिताच होता, आणि बनारसची माहिती बरेलीत अन्य मार्गाने पोहोचलीच नव्हती, हे वृत्तपत्रातील त्या मजकुरावरून सिद्ध होत नाही.